पट किती, हजर किती?

आमच्या घरी पानं मांडली की अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "पट किती, हजर किती?"

आई तव्यावरची भाकरी उलटता उलटता, मान वर न करता सांगायची, "पट पाच, हजर चार." मग जो कोणी गैरहजर असेल त्याला हुडकून आणायला मला पिटाळलं जायचं, कारण मी शेंडेफळ. बहुतेक वेळा दादाच असायचा, नीरेच्या पात्रात डुंबत, नाहीतर राजवाड्याच्या पुढं पोरांबरोबर खेळत. तो येऊन, पाय धुऊन पाटावर बसेपर्यंत अण्णा ताटाला हात लावायचे नाहीत. भाजी निवून जायची, आई चिडायची. अण्णा म्हणायचे, "निवू दे. पट पुरा होऊ दे."

हा प्रश्न त्यांनी नोकरीतून घरी आणला होता. अण्णा शिक्षण विस्तार अधिकारी होते. तालुक्यातल्या प्राथमिक शाळांचे बीट पाडलेले असतात आणि एकेका बीटवर एकेक विस्तार अधिकारी. वार्षिक तपासणी, अचानक भेटी, गुरुजींच्या रजा, पगारपत्रकं, जूनमधली पटनोंदणी, गळक्या छपराचा प्रस्ताव, सगळं त्याच्याच गळ्यात. पण पदाचं एवढं लांब नाव गावात कुणी घेत नसे. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं त्यांना 'दिपोटी' म्हणायची. इंग्रजी अमलात शाळा तपासायला डेप्युटी यायचा, त्याचा दिपोटी झाला. पुढं स्कूल बोर्ड गेलं, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, पदाचं नाव बदललं, तरी म्हाताऱ्यांच्या तोंडातला दिपोटी हलला नाही. डोंगराच्या सोंडेवर गुरं राखणारं पोर वरूनच आरोळी द्यायचं, "दिपोटी आलं!" आणि खाली शाळेत गुरुजी टोपी नीट करायचे.

भोरला आम्ही सतरा वर्षं काढली. त्याआधी जिल्ह्याच्या पूर्वेकडं, कोरड्या भागात. पण अण्णा म्हटलं की मला भोरच आठवतं. चौपाटीवरचा एसटीचा थांबा, तिथून भाटघरच्या धरणाकडं जाणारा रस्ता, आणि त्या रस्त्यानं सकाळी सातलाच निघालेली अण्णांची सायकल, हँडलला अडकवलेला भाकरीचा डबा.

त्यांना जाऊन या पौषात दोन वर्षं झाली. कोथरूडची आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि माळा रिकामा करायची वेळ आली, तेव्हा त्यांची हिरवी पत्र्याची ट्रंक खाली काढली. उघडली तर डांबरगोळ्यांचा वास, आणि वर्षावर्षाचे गठ्ठे करून ठेवलेल्या खिशात मावतील अशा डायऱ्या. गठ्ठ्यांना लावलेले रबरबँड वितळून कागदाला चिकटले होते, ते नखानं खरवडून काढावे लागले. फिरतीची डायरी कचेरीत दाखल करावी लागे. ही त्यांची स्वतःची, घरी ठेवायची. निळी शाई, बारीक आणि सरळ अक्षर, जणू दुरेघी वही आहे असं.

मी चार दिवस रजा काढून त्या वाचल्या. पहिल्या दिवशी मी त्यांत आम्हाला शोधत होते. दादाचा हात मोडला ते वर्ष, माझं दहावीचं वर्ष, आजी गेली तो आठवडा. एका ओळीतही आम्ही नाही. सगळीकडं वार, शाळा, चाल किती झाली, आणि मग तेच दोन आकडे. वाईट वाटलं, खरं सांगते. मग दुसऱ्या दिवशी एका नोंदीपाशी थांबले. ती जशीच्या तशी देते, फक्त शाळेचं आणि मुलांची नावं गाळून. ती मुलं आता पन्नाशी-साठीची असतील, त्यांची नावं सांगायचा अधिकार माझा नाही.

"मंगळ. पायी. पट ३४, हजर २७. गैरहजर ७. घरी गेलो. दोघे गुरांमागे. एकास ताप, गोळी दिली. एक आजोळी. दोघी बहिणी धाकटे भावंड सांभाळतात, आई मजुरीस. एकाच्या घरी कोणी नाही, शेजारी सांगून आलो."

एका दिवसाची नोंद आहे ही. सात घरं. भोरच्या पश्चिमेकडच्या वाडीत सात घरं म्हणजे सात उंबरे ओलांडले की झालं असं नसतं. एक वस्ती ओढ्याच्या अलीकडं, दुसरी पलीकडं, धनगरवाडा तर थेट माथ्यावर. पुढची नोंदही तशीच. त्याच्या पुढचीही. पानामागून पान 'घरी गेलो', 'घरी गेलो'.

तपासणीच्या नियमांत हे कुठं नव्हतं. गैरहजर मुलाच्या घरी जायचं काम गुरुजींचं. अधिकाऱ्यानं हजेरीचा कॅटलॉग बघायचा, डोकी मोजायची, जनरल रजिस्टर तपासायचं, मुलांना दोन प्रश्न विचारायचे, शेरेबुकात शेरा लिहून सही करायची आणि पुढच्या शाळेला लागायचं. मग अण्णा का जात होते, हे मला नीट कळायला आत्यापर्यंत मागं जावं लागलं.

आत्या अण्णांपेक्षा चार वर्षांनी लहान. आमचं मूळ गाव कऱ्हेकाठचं, पुरंदर तालुक्यातलं. जोतिराव फुल्यांच्या घराण्याचं खानवडी याच तालुक्यात. इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढं १८८२ साली जोतिरावांनी मागणी केली की निदान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. त्यानंतर साठेक वर्षांनी त्याच तालुक्यात माझ्या आत्याचं शिक्षण कसं झालं ते तिच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

"माझं नाव होतं की पटावर," आत्या सांगते. "मीच नव्हते."

दिपोटी येणार म्हटलं की आदल्या दिवशी मास्तर घरोघर निरोप धाडायचे. पोरींना न्हाऊ घाला, तेलफणी करा, पाठवून द्या. चुलतबहिणीचं परकर-पोलकं मागून आणून आत्याला घातलं होतं. पाटीवर मास्तरांनी आधीच अक्षरं काढून दिली होती, ती पुसू द्यायची नाहीत. आणि एक शब्द पाठ करून घेतला होता. नाव पुकारलं की म्हणायचं, "हजर." ती सात वर्षांची पोर रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तो शब्द घोकत होती. दिपोटी सासवडवरून टांग्यानं आले. नावं पुकारली. आत्या मोठ्यानं म्हणाली, "हजर." दिपोटींनी मान डोलावली, शेरा लिहिला, जेवून निघून गेले. अण्णा तेव्हा चौथीत, तिच्या मागच्या ओळीत बसलेले.

दुसऱ्या दिवशी अण्णा दप्तर घेऊन निघाले तर आत्या गोठ्याच्या दारात, कडेवर धाकटा भाऊ. तिनं विचारलं, "आज हजर म्हणायला यायचं नाही?"

आत्या हे हसत हसत सांगते. तिच्या नातवंडांनाही ही गोष्ट ठाऊक आहे. अण्णांच्या समोर मात्र तिनं ती काढली की ते उठून ओसरीवर जायचे. पुढं मास्तर झाल्यावर त्यांनी तिला सही शिकवली, तिच्या सासरी जाऊन, चार रविवार. तिच्या पासबुकावरची सही बघितली की अजूनही कळतं, अक्षराचं वळण अण्णांचं आहे.

सातवीची व्हर्नाक्युलर फायनल, मग ट्रेनिंग, मग मास्तरकी, मग नोकरी करता करता बाहेरून पदवी, मग बढती. हा प्रवास त्यांच्या पिढीतल्या हजारोंनी केला, त्याच्यावर मी अधिक लिहीत नाही. लिहायचं आहे ते १९७२ सालाबद्दल.

अण्णा तेव्हा अधिकारी होऊन फार दिवस झाले नव्हते. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका तालुक्यात होते. दुष्काळ. बारवा आटलेल्या, जनावरं छावणीत, माणसं खडी फोडायला, नालाबांधाला. शाळेतल्या मुलांना सुकडी मिळायची. ज्यांनी खाल्ली आहे त्यांना तो पिवळसर, गोडसर भुगा सांगायला नको. एका एकशिक्षकी शाळेत अण्णा न कळवता गेले. पट ४१. कॅटलॉगात त्या दिवशीची हजेरी भरलेली, ४० हजर. अण्णांनी डोकी मोजली. १९.

मला वाटतं त्या क्षणी अण्णांना त्या गुरुजींच्या जागी आत्याचे मास्तर दिसले असावेत. त्यांनी खुलासा विचारला. गुरुजी गप्प. पुन्हा विचारला. गुरुजी म्हणाले, "चुकलं साहेब." अण्णांनी तिथंच शेरेबुक उघडलं आणि लिहिलं: "हजेरी खोटी. प्रत्यक्ष हजर १९. खुलासा समाधानकारक नाही." तो शेरा वर गेला आणि गुरुजींची वेतनवाढ रोखली गेली.

महिन्या-दीड महिन्यानं अण्णा त्याच रस्त्यानं जात होते. रस्त्याच्या कामावर त्यांना मुलं दिसली, आठ-दहा वर्षांची, आईबापाच्या शेजारी बसून हातोडीनं दगड फोडताना. सवयीनं त्यांनी शाळेचं नाव विचारलं. तीच शाळा. एक बाई म्हणाली, "गुर्जी रोज सांजच्याला सायकलवर डबा घिऊन यायचे, पोरांना सुकडी वाटायचे. आता बंद झाली. गुर्जींवर म्हणं कुण्या सायबानं केस केली."

सुकडी हजेरीवर मिळत होती. हजेरी खरी लावली की कामावरच्या मुलांचा वाटा तुटत होता. आणि हे खुलाशात सांगितलं असतं तर तो कागदोपत्री तुटलाच असता, म्हणून गुरुजी गप्प बसले होते.

अण्णा त्या रात्री गुरुजींच्या घरी गेले. काय बोलणं झालं ते त्यांनी मला सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की गुरुजी म्हणाले, "साहेब, तुम्ही तुमचं काम केलंत." रागानं म्हणाले का, असं मी विचारलं. अण्णा म्हणाले, "नाही ना. रागानं म्हणाले असते तर मला झोप लागली असती."

अण्णांनी वर दोनदा लिहिलं की माझा शेरा अपुऱ्या चौकशीवर लिहिलेला आहे, तो मागं घेतो. लिहिलेला शेरा असा मागं घेता येत नाही, असं उत्तर आलं. वेतनवाढ मिळायला तीन वर्षं गेली. एकशिक्षकी शाळेवरच्या, मुलंबाळं असलेल्या माणसाची, दुष्काळातली तीन वर्षं.

ही गोष्ट अण्णांनी मला आयुष्यात एकदाच सांगितली. मला बँकेत अधिकारी म्हणून बढती मिळाली त्या संध्याकाळी. पेढा हातात तसाच धरून सांगत होते.

तर डायऱ्या. मी ट्रंकेतले गठ्ठे पुन्हा लावून बघितले. १९७२ पर्यंतच्या डायऱ्यांत नुसते दोन आकडे आहेत, पट आणि हजर. १९७३ च्या जानेवारीत पहिल्यांदा ते दोन शब्द येतात, 'घरी गेलो'. त्यानंतर ते कधी थांबत नाहीत.

कुणाला वाटेल की अण्णा मवाळ झाले. तसं अजिबात झालं नाही. खोट्या हजेरीचे पुढंही त्यांनी कडक शेरे लिहिले, दोघा-तिघांवर कारवाई झाली, एक जण तर आमच्या दारात येऊन शिव्या देऊन गेला. पण आधी घरं, मग शेरा, हा क्रम त्यांनी परत मोडला नाही. गुरुजींना सांगायचे, "तुम्ही बसा, मी जाऊन येतो." उन्हातान्हात अधिकारी वाडी चढतोय म्हटल्यावर गुरुजीही मागून यायचेच. वर्षा-दोन वर्षांत गुरुजी आपणहून जायला लागायचे.

मी तिसरीत असताना एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. आमच्या शाळेला कसलीशी सुट्टी होती आणि आईला बरं नव्हतं. सायकलच्या कॅरिअरवर बसून भाटघरपर्यंत, तिथून पाण्याच्या कडेकडेनं पायी. धरण इंग्रजांच्या काळातलं, १९२८ सालचं. पाणी चढलं तशी माणसं वर सरकली आणि शाळाही. त्या वाडीची शाळा मारुतीच्या देवळात भरायची. गाभाऱ्यात मारुती, सभामंडपात पहिली ते चौथी. अण्णांनी मोजलं. एक मुलगी कमी, चौथीतली, आणि त्या दिवशी नेमकी तोंडी परीक्षा.

तिच्या घरी गेलो. दारात ती, झोळीत तान्हं मूल, आई रानात. अण्णा उंबऱ्यावर टेकले. म्हणाले, "परीक्षा आहे, ठाऊक आहे ना?" तिनं मान हलवली आणि झोळीकडं बघितलं. अण्णांनी झोळीकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"तू इथं बस," ते मला म्हणाले. "झोका देत राहा. ही परीक्षा देऊन येते."

मी रडायच्या बेताला आले होते. अनोळखी घर, चुलीचा धूर कोंडलेला, वर आढ्याला लटकलेली शिंकी, आणि दोरी सोडली की किंचाळणारं ते मूल. किती वेळ गेला कोण जाणे. दोरीनं तळहाताला वळ उठले. ती मुलगी आणि तिची आई बरोबरच परत आल्या, आई डोक्यावर गवताचा भारा घेऊन. तिनं बघितलं, एक शहरी फ्रॉकातली पोर आपल्या लेकराला झोका देतीय. भारा टाकून ती माझ्या तोंडावरून हात फिरवायला धावली. निघताना मला तिनं पदराच्या गाठीतून सोडून दोन पेरू दिले. अण्णांनी मंडपात परत येऊन शेरेबुकात लिहिलं, ते मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं होतं: "मुलींना धाकटे भावंड घेऊन वर्गात बसू द्यावे. रडण्याचा त्रास होईल, तो सोसावा."

परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी बोलले नाही. कात्रजचा घाट उतरताना आजही मला कधी कधी तळहातावरचे ते वळ जाणवतात.

त्या काळात पुण्यात शिक्षणतज्ज्ञ चित्राताई नाईकांच्या भारतीय शिक्षण संस्थेनं जिल्ह्यातल्या खेड्यांत संध्याकाळचे वर्ग चालवले होते, दिवसा गुरं राखणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या मुलांसाठी. अण्णा त्या वर्गांच्या बैठकींना कोथरूडला, संस्थेत यायचे आणि घरी आल्यावर बराच वेळ उत्साहात बोलत राहायचे. "शाळेची वेळ मुलाच्या गळ्यात का बांधायची? मुलाच्या वेळेला शाळा बांधू." मी आता राहते ते त्या संस्थेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या रस्त्याला संस्थेचे संस्थापक जे. पी. नाईकांचं नाव आहे. आजारी पडेपर्यंत अण्णा रोज त्याच रस्त्यानं फिरायला जायचे.

खडू-फळा मोहिमेची एक आठवण सांगायलाच हवी. १९८७ नंतर शाळांना साहित्याच्या पेट्या आल्या. विज्ञान पेटी, गणित पेटी, नकाशे, भिंगं, लोहचुंबक. आणि बहुतेक शाळांत त्या कुलपात गेल्या. त्यात गुरुजींचा दोष म्हणावा तर वस्तू डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत चढलेली, फुटली तर भरपाई कुणी करायची? अण्णा पेटी उघडायला लावायचे आणि भिंग पहिल्या ओळीतल्या मुलाच्या हातात द्यायचे. एकदा पडलं, फुटलं. वर्ग चिडीचूप. अण्णांनी डेडस्टॉक रजिस्टर मागवलं आणि त्या भिंगापुढं लिहिलं: "मुलांनी वापरताना फुटले. निर्लेखित करावे." खाली सही, तारीख. ते गुरुजी दहाव्याला आले होते. म्हणाले, "ताई, त्या एका ओळीवर मी पुढची वीस वर्षं पेटी उघडी ठेवली."

निवृत्त झाल्यावर अण्णा पुण्याला आमच्याकडं आले. शाळांच्या बातम्या मात्र पेपरात आधी वाचायचे. १९९५ साली ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ देण्याची योजना आली, तेव्हा पेपर मांडीवर ठेवून ते म्हणाले, "आता हजेरी लावताना प्रत्येक गुरुजीचा हात थरथरणार." मला तेव्हा कळलं नव्हतं कुणाबद्दल बोलतात. पुढं शाळेतच शिजवलेली खिचडी मिळू लागली तेव्हा ते फार समाधानी होते. जो आला तो जेवला, हिशेब सरळ.

२०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली. तीन दिवस, सगळीकडं एकाच वेळी. एकच मूल दोन शाळांत दाखवता येऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली, मतदानाला लावतात तशी. माझी लेक तेव्हा तिसरीत. मोठ्या कौतुकानं आजोबांना बोट दाखवायला धावली. अण्णांनी तिचं बोट हातात धरलं, पंचाच्या टोकानं पुसायला लागले. शाई कुठली निघतेय. ते पुसतच राहिले. पोर म्हणाली, "आजोबा, दुखतंय." तेव्हा भानावर आले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मुलं मोजायला आम्ही जायचो तेव्हा शाई आमच्या बोटांना लागायची गं."

पडताळणीत लाखो नावं अशी निघाली की ती पटावर होती आणि मुलं कुठंच नव्हती. ती नावं लिहिणाऱ्यांबद्दल अण्णांना दया नव्हती. अनुदानासाठी, तुकडी टिकवण्यासाठी लिहिलेली नावं आणि दुष्काळातल्या त्या गुरुजींच्या कॅटलॉगातल्या टिकल्या यांच्यातला फरक त्यांच्याइतका कुणाला ठाऊक असणार? त्यांना सलत होती ती शाई.

शेवटच्या वर्षात वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा सुरू झाली, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पानशेतचं उदाहरण पुढं आलं. मी त्यांना बातमी वाचून दाखवली. डोळ्यांना दिसत नव्हतं तेव्हा. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पावसात ओढा कोण ओलांडून देणार? आणि गाडी आली नाही त्या दिवशी कॅटलॉगात काय लावायचं? चार मुलांच्या शाळेत खो-खोचा डाव होत नाही, बोलायला सवंगडी नाही, हेही तितकंच खरं आहे, आणि ते मी त्यांना म्हणाले. त्यांनी मान्य केलं. पण ओढ्याचा प्रश्न त्यांनी सोडला नाही, आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

ट्रंकेतली शेवटची डायरी १९९२ ची. ३१ जुलैला अण्णा निवृत्त झाले. शुक्रवार होता. दुपारी चारला निरोपसमारंभ, शाल, नारळ, भाषणं, आम्ही सगळे भोरला गेलो होतो. मला वाटलं होतं त्या दिवसाचं पान कोरं असेल, किंवा त्या एका दिवशी तरी त्यांनी स्वतःबद्दल दोन शब्द लिहिले असतील. पान असं आहे:

"शुक्र. सकाळी एक शाळा. पट ३८, हजर ३१. लावणी चालू. गैरहजर ७. घरी गेलो ६. पाच जण चिखलात, एकास ताप. सातव्याच्या घरी कुलूप. उद्या."

त्याच्या पुढं पानं कोरी आहेत.

मी ते पान घेऊन आईकडं गेले. ती खिडकीत बसून तांदूळ निवडत होती. पंच्याऐंशीच्या पुढचं तिचं वय, परवाचं आठवत नाही, पण तेव्हाचं सगळं जिथल्या तिथं. मी विचारलं, निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी अण्णा काय करत होते, आठवतं का?

"न आठवायला काय झालं," आई म्हणाली. "शनिवार होता. टिळकांची पुण्यतिथी. सकाळची शाळा. तुम्ही पोरं अजून झोपलेली. हे सहाला उठून लूना बाहेर काढतायत. पाऊस नुसता कोसळत होता. मी म्हटलं, अहो, आता कुठं? कालच तर शाल घेऊन आलात. काही बोलले नाहीत. डबापण नेला नाही. दुपार उलटल्यावर आले. गुडघ्यापर्यंत चिखल. लूना खालीच कुठंतरी ठेवून वर चालत गेले असणार. मी पाणी तापवून दिलं. पाय धुता धुता विचारलं, कुठं गेला होतात?"

"मग?"

तिनं सुपातला एक खडा उचलून खिडकीबाहेर टाकला.

"म्हणाले, एक राहिला होता."